उपासाला गूळ चालतो

थंडी पडली, की आमच्या गल्लीतली माणसं हळवी होतात. पंचगंगेपलीकडची गुऱ्हाळं पेटतात, वारा फिरला की उकळत्या रसाचा तो गोड, किंचित करपट वास थेट स्वयंपाकघरात येतो, आणि समोरचे निवृत्त हेडमास्तर गॅलरीत उभे राहून छाती भरून श्वास घेत म्हणतात, "अहाहा! काय दिवस होते ते!" माझं मात्र डोकं फिरतं. मी खिडकी लावून घेते. सून म्हणते, "आई, सगळ्या जगाला आवडतो हा वास." सगळ्या जगानं मार्थाबाईबरोबर एक गुऱ्हाळाचा हंगाम काढून बघावा, मग बोलावं.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मी वीस वर्षांची, इंटर पास होऊन घरी बसलेली. जूनमध्ये ट्रेनिंग कॉलेजला जायचं ठरलं होतं. वडील हायस्कुलात शिक्षक. मिशनच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, की परदेशातून एक तरुण नर्स आली आहे, तिला मराठी शिकवायला आणि खेड्यांत जाताना दुभाषाचं काम करायला कुणी मुलगी मिळेल का. वडिलांना वाटलं, हिचं इंग्रजी सुधारेल. आईला वाटलं, ही बाटेल. शेवटी दोघांचा तह झाला. दिवेलागणीच्या आत घरी यायचं आणि तिथल्या माठातलं पाणी प्यायचं नाही. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण बघायला येणाऱ्यांपुढे पोह्यांच्या बश्या नेण्यापेक्षा काहीही चाललं असतं.

मार्थाबाई सव्वीस वर्षांची होती. उंच, हाडकुळी, उन्हानं नाकाचं सालपट निघालेली. सायकलवरून हिंडायची आणि उतरताना हटकून झग्याचा काठ साखळीत अडकवून घ्यायची. तिच्या गावी म्हणे नजर पोचेल तिथवर गहू होता आणि वर्षाचे चार महिने बर्फ. तिथून ही बया निघाली, बोटीत महिनाभर ओकत मुंबईला उतरली आणि मुंबईहून इथं आली. कशासाठी, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "बोलावणं आलं," ती म्हणाली. कुणाचं? तिनं बोटानं वर दाखवलं. मी वर पाहिलं. कौलं होती.

तिच्यात दोष एकच होता, पण तो सगळ्यांना पुरून उरणारा. ती खरं बोलायची. अडीअडचणीला खरं बोलणं वेगळं आणि उठता-बसता खरं बोलणं वेगळं, हा फरक तिच्या त्या गव्हाच्या गावात कुणी शिकवलाच नसावा. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा आईनं कौतुकानं विचारलं, "चहा बरा झालाय ना?" मार्थाबाईनं नीट विचार केला आणि सांगितलं, "फार गोड आहे. मी अर्धा पिते." आईनं तो कप पुढे कायमचा वेगळा ठेवून दिला. बाटला म्हणून की रागानं, ते मला आजवर कळलेलं नाही.

सकाळी सहाला उठून ती गुडघ्यांवर बसायची. मग मीठ घातलेली ओटची पेज. मग माझ्यापाशी दोन तास मराठी. उच्चार, क्रियापदं, सगळं ती गाढवासारखं ओझं वाहत शिकायची, आणि मध्येच वही मिटून विचारायची, "सुमती, तुझा देव तुझ्याशी बोलतो का?" सकाळी नऊ वाजता! मी म्हणायची, "आमच्याकडे देवाचं सगळं आई बघते. आम्ही आंघोळ करून आरतीला उभं राहायचं, एवढंच." ती हे वहीत लिहून घ्यायची. एकदा तिनं मला सांगितलं, की इथं आल्यापासून तिचा देव तिच्याशी एक अक्षर बोललेला नाही. घरी होती तेव्हा बोलायचा, कोठारात, गाईंची धार काढताना. इथं ती रोज बोलते आणि पलीकडून काहीच येत नाही. हे सांगताना ती रडली वगैरे नाही. पोस्टमन आला नाही म्हणून सांगावं तसं सांगितलं. मी लगेच तिला भूतकाळ शिकवायला घेतला.

आता माझी सत्तरी उलटून गेली आहे आणि देवघराचं सगळं माझ्याकडे आलं आहे. तिच्या त्या बोलण्याचा अर्थ आता थोडा थोडा कळतो. तेव्हा मात्र मला एवढंच वाटलं होतं, की जिचा देव बोलत नाही ती सात समुद्र ओलांडून इथं दुसऱ्यांच्या देवांच्या वाटेला कशाला आली?

दुपारी आम्ही खेड्यांत जायचो. टांग्यानं नदीपर्यंत आणि पुढे पायी. तिची सायकल टांग्याच्या मागे बांधलेली असायची, कारण परत येताना तिला सायकलवरूनच यायचं असायचं. औषधाची पेटी माझ्या मांडीवर. आणि गावात शिरलं, की माझं खरं काम सुरू व्हायचं. म्हणजे खोटं बोलण्याचं.

दुसरा काही इलाज नव्हता. पहिल्याच गावात बायकांनी विचारलं, "मडमबाईचं लगीन झालंय का न्हाय?" मार्थाबाईनं पाच मिनिटं समजावून सांगितलं, की तिनं आयुष्य सेवेला वाहिलं आहे आणि लग्नाचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. हे सगळं त्या बायकांना सांगितलं असतं, तर त्यांनी हिच्यात काही तरी खोट आहे असं धरून तिला बाळंतिणीच्या आसपास फिरकू दिलं नसतं. मी म्हटलं, "ठरलंय. पुढच्या वर्षी." बायका खूश झाल्या. मग पुढच्या गावात नवरा काय करतो ते विचारलं, मी त्याला मास्तर केलं. त्याच्या पुढच्या गावात त्याला दोन धाकट्या बहिणी झाल्या. मार्थाबाई बाजूला हसतमुखानं उभी. "एवढ्या थोडक्यात झालं माझं बोलणं?" ती विचारायची. "मराठी भाषा फार आटोपशीर आहे," मी म्हणायची.

मला यात पाप वाटत नव्हतं, हे खरंच सांगते. आमच्या घरात सगळं असंच सांभाळून घेत चालायचं. त्या नाताळात मार्थाबाईनं स्वतः भाजलेला केक आमच्याकडे पाठवला. आईनं तो आधी देवापुढे ठेवला, पाणी फिरवलं, निरांजन ओवाळलं, आणि मग आम्हाला एकेक तुकडा दिला. देवाला दाखवला की झालं, मग तो कुणीही केलेला असो. त्यात अंडं होतं हे आईला कुणी सांगितलं नाही. मी तर नाहीच नाही.

भोगावतीकाठच्या एका गावात बाळाबाई म्हणून एक करारी म्हातारी होती. घरचा पंधरा एकर ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. गावातल्या बायका तिला विचारल्याशिवाय शिंकायच्यासुद्धा नाहीत. तिची सून शालन. वय माझ्याएवढंच, आणि दोन बाळंतपणं होऊन दोन्ही मुलं जन्मताच गेलेली. दुसऱ्या वेळी तीही जायचीच राहिली होती. आता तिसऱ्यांदा सात महिने झालेले. मार्थाबाईनं तिचं पोट तपासलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "मूल उलटं आहे. या वेळी मी जवळ असायलाच पाहिजे. नाहीतर दोघंही जातील." हे मी बाळाबाईंना जरा मऊ करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू. गुऱ्हाळ सुरू हू दे. त्या दिशी या दोगी." होकार नव्हता, पण नकारही नव्हता.

त्या दिवशी आम्ही गेलो. घाण्याची पूजा झाली होती, काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं भडभडत होती आणि पहिल्या काहिलीचा गूळ वाफ्यात ओतून झाला होता. पहिला खडा जोतिबाचा. कोपऱ्यात पाटावर जोतिबाचा फोटो, फोडलेला नारळ, गुलाल आणि तो कोमट, पिवळाधमक गूळ. बाळाबाईंनी देवाला हात जोडले, तोच गूळ उचलला, आणि घरच्यांनाही देण्याआधी मार्थाबाईपुढे धरला. गुऱ्हाळावरून तोंड गोड न करता कुणाला जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वैऱ्यालासुद्धा गूळ देतात. आणि हा तर देवापुढचा पहिला.

मार्थाबाईनं हात जोडले आणि मान हलवली. "नको."

चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस सारायचा थांबला. शालन दाराआड उभी होती, तिचं तोंड उतरलं. बाळाबाईंचा हात तसाच पुढे. मला दोन मेलेली मुलं दिसली, तिसरं दिसलं, आणि तोंडातून निघून गेलं, "त्यांना उपास आहे आज."

"कसला उपास? आज बुधवार."

"त्यांच्यातला."

बाळाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आगं पोरी, उपासाला गूळ चालतो की!"

सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. जन्मापासून प्रत्येक एकादशीला शेंगदाणे आणि गूळ खाऊन वाढलेली मी! दुसरं कुठलं तरी कारण सुचायचं, मधुमेह सुचायचा, दातदुखी सुचायची. पण एकदा उपास म्हटला तो म्हटला. आता मागे कसं जायचं? मी म्हटलं, "त्यांचा फार कडक असतो. पाणीसुद्धा नाही."

बाळाबाईंचा चेहराच बदलला. "आग बया बया! एवढ्या उनातनं निर्जळी आली व्हय ही! आमच्या शालनसाटी धरलाय व्हय उपास?" मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही, पण त्यानं काय फरक पडतो? त्यांनी शालनला हाक मारली आणि मार्थाबाईच्या पाया पडायला लावलं. सात महिन्यांचं पोट घेऊन ती वाकली. मार्थाबाई घाबरून तिला वर उचलत मला विचारते, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "रीत आहे."

मग मी शेतातल्या पाटाच्या पाण्यात पाय धुवायला गेले. दोन मिनिटं, जास्त नाही. परत येऊन बघते, तर घाण्यावरच्या गड्यानं "पावणं, रस घ्या" म्हणून तांब्या-पेला पुढे केला होता, आणि ही कडक उपासवाली उभ्या उभ्या गटागटा रस पीत होती. देवापुढचा नव्हता, मग तिला काय अडचण? एक पेला झाला, दुसरा झाला. ओठ पुसून ती बाळाबाईंकडे बघून छान हसली.

बाळाबाईंनी तिच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. त्यांनी शालनला आत जायला सांगितलं आणि आम्हाला म्हणाल्या, "जावा आता. ऊन व्हतंय."

वाटेत मार्थाबाईनं सगळं माझ्याकडून काढून घेतलं. उपास, नवरा, नवऱ्याच्या बहिणी, सगळं. नदीपाशी टांग्यामागची सायकल सोडून घेऊन ती रस्त्यात उभी राहिली आणि म्हणाली, "तू माझ्या तोंडानं खोटं बोललीस." मीही चिडले होते. एवढासा गूळ! जिभेवर ठेवला असता तर काय आकाश कोसळलं असतं? तुमच्या धर्मग्रंथात तो खायला इतकी बंदी आहे का? त्यावर ती म्हणाली, की बंदी अशी नाही, गूळ तो गूळच आहे, तिनं खाल्ला तरी तिचं काही बिघडत नाही. "मग?" मी जवळजवळ ओरडलेच. "त्या बाईंना तो देवाचा वाटतो," ती म्हणाली. "मला नाही वाटत. तसा न वाटता मी तो हसून खाल्ला, तर मी त्यांना फसवलं." आता या माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा. फसवू नये म्हणून अपमान करायचा!

तीन दिवसांनी ती मला बरोबर घेऊन परत त्या गावी गेली. वाटेत मी तिला पुष्कळ विनवलं, की नका, आता विसरतील त्या. बाळाबाई घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. मार्थाबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि माझ्याकडे न बघता तिच्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मला उपास नव्हता. माझं लग्न ठरलं नाही. तुमच्या देवापुढचं मी खात नाही, कारण माझा देव दुसरा. तुमचा राग खरा आहे. पण शालनच्या वेळी मला बोलवा." मी खाली मान घालून जमिनीच्या सारवणाकडे बघत होते. बाळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "झालं बोलून? मग जावा," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर दीड महिना त्या गावाहून निरोप नाही. मी रोज सकाळी धडा घ्यायला जायची आणि भांडून परत यायची. एकदा तर मी तिला सरळ म्हटलं, "शालन मेली ना, तर तुमचं ते खरं चुलीत घाला!" एवढं वाईट मी आईलासुद्धा कधी बोलले नव्हते. तिनं वही मिटली. मग म्हणाली, "मीही रात्रंदिवस हेच विचारते. उत्तर येत नाही." तिनं निदान एकदा तरी म्हणायचं, की माझं बरोबर होतं! म्हणजे मला भांडता तरी आलं असतं.

माघ संपता संपता एका सकाळी बाळाबाईंचा मुलगा घाम गाळत दवाखान्याच्या दारात उभा. "आईनं मडमबाईला बोलवलंय. बिगी बिगी चला." आम्ही दोघी त्याच्या बैलगाडीतून गेलो. मार्थाबाई पेटी घेऊन आत गेली. मी तिच्यामागे उंबऱ्यात पाय ठेवला, तर बाळाबाईंनी हात आडवा घातला.

"तू न्हाय. तू भाईर बस."

"अहो, त्यांना मराठी नीट येत नाही."

"येतंय तेवढं पुरं हाय. ती माज्या तोंडावर खरं बोलली, माजा राग पत्करून. तसलं माणूस आत पायजे. तू ग्वाड बोलतीस. ग्वाड बोलणाऱ्या सुइणीनं माजी दोन गेली. शेवटपातूर म्हणत हुती, काय न्हाय, सगळं बरं हाय."

मी बाहेर जोत्यावर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. शालनच्या किंकाळ्या, मग तिचा आवाज, "बाई, मी मरतीया का?" मी आत असते तर काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं. छे गं, काही होत नाही. मार्थाबाईचा आवाज आला, "माहीत नाही. मूल पायाळू आहे. कठीण आहे. मला येतं हे काम. तू मी सांगते तसं कर." किंकाळ्या थांबल्या. मग बराच वेळ नुसतं, "आता जोर. आता नाही. थांब. आता जोर." मीच शिकवलेली क्रियापदं, सगळी चुकीच्या जागी हेल काढून. मी जोत्यावर बसून पोरीसारखी रडत होते, आणि कुणावर चिडावं ते कळत नव्हतं.

मुलगी झाली. सूर्य डोक्यावर आला होता तेव्हा. आधी काही ऐकू आलं नाही, मग पाठीवर चापट्या मारल्याचे आवाज आले, आणि मग ती कार्टी जी रडायला लागली ती थांबेचना. बाळाबाई बाहेर आल्या, माझ्या बाजूनं गेल्या, रांजणातलं पाणी तोंडावर मारलं आणि तशाच आत गेल्या.

लोक मला म्हणतात, तुम्ही त्या मिशनरी बाईबद्दल लिहा. काय लिहू? पुढे ती मराठीची परीक्षा पास झाली, चंदगडकडे पावसात आणि जळवांत बरीच वर्षं राहिली, परकीला नीट कळत नसेल म्हणून तिकडच्या बायका तिच्याशी ओरडून बोलायच्या आणि ती त्यांना ओरडून उत्तरं द्यायची. किती जणांना तिनं आपल्या देवाकडे नेलं मला माहीत नाही, मला तर नाहीच नेलं. तिचा देव तिच्याशी पुन्हा बोलायला लागला का, हेही मी कधी विचारलं नाही. माझ्या आठवणीत येतं ते त्या पोरीचं बारसं.

निरोप आला होता, "दोगींनी या." मी जायला तयार नव्हते, पण मार्थाबाईनं मला ओढत नेलं. घर बायकांनी भरलेलं. पाळण्याला झेंडूची माळ, शालन पांढरीफटक, पण हसत होती. नाव ठेवून झालं, देवापुढे घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवून झाला, आणि बाळाबाई दोन हातांत दोन द्रोण घेऊन आमच्यापुढे उभ्या राहिल्या. पुन्हा तेच! आता ही पुन्हा नको म्हणणार, आणि मी पुन्हा तोंड उघडणार.

बाळाबाईंनी एक द्रोण मार्थाबाईच्या हातात दिला. "ह्या तुज्या. देवाला दावायच्या आदी काढून ठिवल्यात. जोतिबाला म्या सांगितलं, हिचा देव येगळा हाय, हिला तुज्या आदी देते. त्यो काय बोलला न्हाय."

आधी काढून ठेवायच्या. एवढंच! सबंध हंगाम मी उपास काढले, नवरे काढले, नणंदा काढल्या, आणि ही साधी गोष्ट मला, इंटर पास झालेलीला, सुचली नव्हती. देवाआधी माणसाला वाढायचं आमच्या घरात कुणाच्या मनात आलं नसतं, आणि या निरक्षर बाईनं ते देवाला सांगून सवरून केलं होतं.

दुसरा द्रोण त्यांनी माझ्या हातात ठेवला. "आन् ह्या तुज्या, देवापुढच्या. खा. पर पुन्यांदा कुणाच्या तोंडात आपलं बोलणं घालू नगंस. माजी नात जगली ती तू भाईर बसलीस म्हणून."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मार्थाबाईला त्या भरभर बोलण्यातलं निम्मंही कळलं नव्हतं. हातात घुगऱ्यांचा द्रोण घेऊन तिनं मला विचारलं, "सुमती, काय म्हणाल्या त्या?"

मी सांगितलं. एक अक्षर न गाळता, आधी तिचं, आणि मग माझं.